सालदार, रोजंदार आणि ‘पार्टनर’

दहा मिनिटांत किराणा घरपोच देणाऱ्या कंपन्यांच्या भरभराटीवरून आमच्या शिक्षक-मित्रांत दोन तट पडले आहेत. एका तटाला तीत तरुण पिढीचे कर्तृत्व दिसते. दुसरा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या नावाने गळा काढतो. आम्हांला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. आम्ही भाषेचे शिक्षक. अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु या धंद्याच्या वाढीत शब्दांची जी हेराफेरी झाली आहे तिच्याविषयी भाषेच्या शिक्षकांनी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

आधी हकीकत पाहू. आदित पालिचा आणि कैवल्य वोहरा या दोन तरुणांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शिक्षण सोडून २०२१ साली मुंबईत ‘झेप्टो’ सुरू केली. त्यापूर्वी ‘किराणाकार्ट’ या नावाने त्यांनी आसपासच्या दुकानांतला माल घरोघर पोचवण्याचा प्रयोग केला होता. त्यात वेळ फार जाई. तेव्हा दुकानदाराला वगळून वस्तीवस्तीत स्वतःची लहान कोठारे उघडण्याचा मार्ग त्यांनी धरला. गिऱ्हाईक जिथे पाऊल ठेवू शकत नाही अशा या कोठाराला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनीचे मोल १४० कोटी डॉलर ठरवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ७०० कोटी डॉलर झाले. ‘ग्रोफर्स’ने २०२१ च्या अखेरीस ‘ब्लिंकिट’ हे नाव घेतले आणि २०२२ मध्ये ती ‘झोमॅटो’च्या पदरात गेली. ही कल्पना नवी होती असेही नाही. न्यूयॉर्कची ‘कोझमो’ १९९८ मध्ये तासाभरात वस्तू पोचवू लागली आणि २००१ मध्ये बुडाली. आपल्याकडची ‘डन्झो’ २०२५ च्या आरंभी बंद पडली. ‘स्वस्त आणि तत्काळ’ या जोडीतला स्वस्तपणा बराच काळ गुंतवणूकदारांच्या पैशावर उभा असतो, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

आता नावाकडे येऊ. ‘झेप्टो’ हा मोजमापाचा उपसर्ग आहे. एका सेकंदाचे, एकावर एकवीस शून्ये मांडून येणाऱ्या संख्येइतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे झेप्टोसेकंद. नाव ठेवणाऱ्यांना त्यातून वेग सुचवायचा होता. आम्हांला मात्र त्यात मराठीतल्या एका जुन्या शब्दमालिकेचे टोक दिसले.

आपल्या भाषेत मजुराचे नाव बहुधा त्याच्या कराराच्या मुदतीवरून पडते. सालभर बांधलेला तो सालदार, महिन्याने ठेवलेला तो महिनदार, दिवसाच्या बोलीवर येणारा तो रोजंदार. विदर्भातल्या सालदाराचे जिणे सुखाचे होते असे म्हणण्याचा निलाजरेपणा आम्ही करणार नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत मालकाच्या वाड्यात राबणाऱ्या त्या माणसाची स्थिती वेठबिगारापासून फार दूर नव्हती. पण तो शब्द खोटे बोलत नव्हता. मालकाने काय विकत घेतले आहे आणि किती मुदतीसाठी, हे शब्दातच उघड होते. पाऊस लांबला तरी साल सालच राहत असे; बसून राहिलेल्या दिवसांचा भार अंशतः तरी मालकावर पडे. मुदत जसजशी आखूड होत गेली तसतसा रिकाम्या वेळेचा भार मजुराच्या अंगावर सरकत गेला. आज दुचाकीवरून माल पोचवणाऱ्या मुलाचे माप दिवस नाही, तासही नाही. ते आहे एक फेरी. दोन फेऱ्यांमधला वेळ त्याचा, पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, पंक्चरही त्याचेच. आणि नेमके याच टप्प्यावर त्याला ‘पार्टनर’ ही पदवी मिळाली! शब्दार्थपरिवर्तन शिकवताना आपण अर्थोत्कर्षाची उदाहरणे शोधत असतो. हे घ्या: दर्जा शब्दात चढला आणि पदरात उतरला. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, वहीत नाव असते. या भागीदाराच्या वाट्याला जोखीम तेवढी आली.

जरीपटक्यात हे दृश्य रोज दिसते. मराठ्यांच्या निशाणाचे नाव मिरवणारी उत्तर नागपुरातली ही वस्ती प्रामुख्याने फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या कुटुंबांच्या कष्टांवर उभी आहे. दुकान म्हणजे काय, ते इथल्या माणसांना शिकवावे लागत नाही. नवतप्याच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मोबाइलकडे डोळे लावून झाडाखाली उभी असलेली पोरे त्याच दुकानांच्या समोर असतात. एका संध्याकाळी आमच्यापैकी एकाच्या दारात दूध आणि पाव घेऊन आलेला मुलगा आमच्याच बी.ए. द्वितीय वर्षाच्या वर्गातला निघाला. हजेरीपटावर आम्ही तीन आठवडे त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत होतो. तो ओशाळला, आम्ही त्याहून अधिक. जाताना खालच्या आवाजात म्हणाला, “सर, फाइव्ह स्टार देजा.” गुण देण्याचा अधिकार आमच्याकडे आहे हे तो वर्गात विसरला असेल, दारात विसरला नव्हता.

या कंपन्यांचा बचाव आम्हांला ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे असे, की वेग गाडीचा नसून अंतराचा आहे. कोठार जवळ असल्यामुळे घाई करावी लागत नाही. हे अर्धे खरे आहे. पण फेरीवर मोबदला, ठरावीक फेऱ्यांवर वाढीव रक्कम आणि तक्रारीची टांगती तलवार असताना घाई कोणी सांगावी लागत नाही. ती हिशेबातच असते. दुसरे म्हणणे रोजगाराचे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने देशात अशी कामे करणारे ७७ लाख लोक असल्याचा २०२०-२१ चा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असे म्हटले. म्हणजे काम आहे. आम्ही ते बंद करा म्हणत नाही. त्या मुलाचे घर त्यावर चालते. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याविषयी हळवे होणाऱ्यांनीही एक आठवावे: त्या दुकानात पोती उचलणाऱ्या ‘छोटू’ला ना सुटी होती, ना भविष्य निर्वाह निधी. त्याचे तर नावही कोणी विचारले नाही.

आमचे भांडण कामाशी नाही, कामाचे नाव लपवण्याशी आहे; कारण नाव लपले की हक्क लपतो. याच नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. मालक नफ्यासाठीच गिरणी चालवीत होता; पण कामगाराला कामगार म्हणत होता, म्हणून भरपाईचा प्रश्न तरी निर्माण झाला. ‘पार्टनर’ला भरपाई कोणी द्यायची? २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिच्यात अशा श्रमिकांची व्याख्या आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूदही आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस या मुलांनी देशभर संप केला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या सांगण्यावरून ब्लिंकिटने जाहिरातीतली ‘दहा मिनिटे’ काढून टाकली. जाहिरातीतले शब्द बदलले, हे चांगले झाले. मोबदल्याचे माप मात्र फेरीच राहिले.

आता आमच्यावरच उलटणारा प्रश्न. आमच्यातले काही जण नेट-सेट होऊन, चाळिशी उलटूनही ‘तासिका तत्त्वा’वर शिकवतात. तास झाला तर मानधन. सुटीत काही नाही. ‘वेतन’ हा शब्द टाळून ‘मानधन’ म्हणायचे आणि मजुरीला ‘तत्त्व’ म्हणायचे, ही युक्ती आमच्या क्षेत्राने कोणत्याही कंपनीच्या आधी साधली. आम्ही ती मुकाट्याने स्वीकारली, कारण ‘प्राध्यापक’ म्हणवून घेणे आम्हांला सुखावत होते. त्या मुलाला ‘पार्टनर’ म्हणवून घेणे कदाचित तसेच सुखावत असेल. म्हणून त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याच्या रांगेत उभे राहण्याचा आहे.

तेवढे आम्ही करू शकतो. त्याच्या गैरहजेरीचे कारण महाविद्यालयाला लेखी कळवले आहे आणि कामावर जाणाऱ्या मुलांसाठी सकाळी सातचा एक जादा तास सुरू केला आहे. त्याचे मानधन मिळणार नाही, हे सांगायला नकोच. पुढच्या आठवड्यात त्या तासाला शब्दार्थपरिवर्तन शिकवायचे आहे. फळ्यावर सालदार, महिनदार, रोजंदार, तासिका आणि पार्टनर हे शब्द ओळीने लिहू. अर्थ कुठे चढला आणि कुठे घसरला, ते मुलांनाच सांगू द्यावे असे ठरले आहे.