माहितीचा अधिकार आणि खासगीपणा (देहूरोड व मावळ)

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ देहूरोड आणि मावळ या दोन्ही भागांना लागू असला, तरी अपिलाचे मार्ग भिन्न आहेत. देहूरोड कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने त्यासंबंधीचे दुसरे अपील नवी दिल्लीतील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. लोणावळा नगरपरिषदेसंबंधीचे राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. २००५ मध्ये केंद्रीय कायद्याने त्याची जागा घेतली. मावळातील जमीन व्यवहारांतील गैरप्रकार या अधिकाराच्या आधारे उघड करणारे तळेगाव दाभाडे येथील कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली.

दुरुस्ती आणि परिणाम

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्यानंतर झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी व्यापक जनहित असल्यास वैयक्तिक माहितीही देता येई, अशी तरतूद त्याच कलमात होती. आता तेथे वैयक्तिक माहितीला सरसकट सूट आहे. जनहिताची कसोटी कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे. मात्र ती लावण्याचा निर्णय प्रथम कार्यालयाच्याच हाती असतो. जमिनीचे व्यवहार, निविदा, लाभार्थ्यांच्या याद्या यांत व्यक्तींची नावे येतातच. ती झाकल्यास गैरप्रकार दिसतो, जबाबदार कोण हे दिसत नाही.