दगडी जहाजासमोर

आमच्या सिल्वासाला समुद्र नाही. दमणगंगा आहे, दुधनीला मधुबन धरणाचं पसरलेलं पाणी आहे. खाऱ्या वाऱ्यासाठी मात्र वापी ओलांडून दमण गाठावं लागतं. पण 26 जानेवारी 2020 पासून आम्ही कागदोपत्री किनारपट्टीवाले झालो. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश. म्हणजे दीवसुद्धा आपलंच. या आपल्याच गावाला जायला हजिऱ्याहून गाडीसकट घोघ्याच्या बोटीत चढलो, खंभातचं आखात ओलांडलं, मग भावनगर, महुवा, ऊना. पोचेपर्यंत मुलांनी घरून आणलेला चिवडाही संपवला होता.

दीवचा मोठा किल्ला 1535 चा. हुमायून अंगावर चालून आला म्हणून गुजरातच्या बहादूरशहाने मदतीच्या बदल्यात पोर्तुगीजांना तो बांधू दिला. दोन वर्षांत तोच बहादूरशहा त्यांच्या जहाजावर भेटीला गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत समुद्रात बुडाला. 1538 आणि 1546, असे दोन मोठे वेढे या किल्ल्याने सोसले. दुसऱ्यात गव्हर्नर कास्त्रोचा मुलगा सुरुंगाच्या स्फोटात गेला. पडलेला तट पुन्हा उभारायला पैसा नव्हता, तेव्हा या गृहस्थाने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले! गोवेकरांनी पैसे दिले आणि केसही परत केले. आजच्या बँकेत हा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यावा लागला असता, कोण जाणे.

पण मला ओढ होती ती समोरच्या पानीकोठ्याची. खाडीच्या तोंडाशी एवढासा खडक आणि त्यावर बेटाचा इंच न् इंच व्यापून बसलेला कोट. आकार थेट जहाजाचा. भरतीच्या वेळी खडक दिसेनासा होतो आणि नांगर टाकलेलं दगडी गलबत पाहतोय असंच वाटतं. आमची होडी त्याला वळसा घालू लागली. मी वर जायचं विचारलं तर होडीवाला हसला. ‘‘त्यां उतरवानुं नथी, भाई.’’ थोडी निराशा झाली. खरं सांगायचं तर तो लांबूनच देखणा आहे.

होडीत बसल्या बसल्या एक जहाज आठवलं. ‘सांताना’. हे पोर्तुगीज जहाज मराठ्यांच्या आरमाराने 1772 मध्ये पकडलं. पुढे 1779 मध्ये पेशव्यांशी तह झाला आणि भरपाईपोटी सालीना 12,000 रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना द्यायचं ठरलं. 1783 मध्ये ती प्रत्यक्ष दिली गेली. तीच ही नगर हवेली. समुद्राचं तोंडही न पाहिलेला आमचा मुलूख असा एका जहाजापायी परक्यांकडे गेला. खानवेलच्या वारली शेतकऱ्याला त्या जहाजाचं काय सोयरसुतक?

1954 मध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर पथकांनी हा मुलूख सोडवला. सुधीर फडके त्यात होते, बाबासाहेब पुरंदरेही होते. 2 ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला, तिथे या तहातल्या मराठी शब्दांचा कीस पडला. पेशव्यांनी दिला तो फक्त वसूल, सार्वभौमत्व नव्हे, एवढं न्यायाधीशांनी मान्य केलं. निकाल लागला 12 एप्रिल 1960 ला. दीवला मात्र 19 डिसेंबर 1961 पर्यंत थांबावं लागलं. आमच्यानंतर सात वर्षांनी. त्या वेळी समुद्रातून ‘आयएनएस दिल्ली’ने याच मोठ्या किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या.

मुलाने विचारलं, ‘‘बाबा, आपलं जहाज कुठे आहे?’’ दाखवायला काहीच नव्हतं. सिल्वासात येणाऱ्या पाहुण्याला आपण बागा दाखवतो, दुधनीची होडी दाखवतो. प्रशासनाला एवढीच विनंती: शहरातल्या एखाद्या चौकात एक फलक लावा. त्यावर ‘सांताना’चं नाव असू द्या, आणि खाली 12,000 रुपये.