जाळ्यात गवसलेलं : विजयदुर्गचा साहेब, इब्न माजिदची बोटं आणि दाभोळचा रशियन



इंटरनेटला आपण जाळं म्हणतो, आणि जाळ्याचं रत्नागिरीकराला नवल नाही. जाळं ओढलं की म्हावऱ्याबरोबर शेवाळ आणि फुटके शंख-शिंपलेही येतात. ते निवडत बसावं लागतं. या सदरात आम्ही दरमहा हेच काम करतो. या वेळी मात्र लांब गेलो नाही, आपल्याच किनाऱ्याविषयी काय काय फिरतंय ते पाहिलं.

ऑगस्टचा मध्य आला की मोबाइलवर एक मजकूर नेमाने येतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गाच्या तटावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लावला, असा तो मजकूर. सोबत किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’चा फोटो. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो, शाळांची मुलं जातात, भाषणं होतात. विजयदुर्ग आज सिंधुदुर्गात असला तरी १९८१ पर्यंत तो आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्यामुळे अभिमान आम्हालाही आहेच.

पण कोकणात जन्मलेल्या माणसाला पहिली शंका तारखेचीच यायला हवी. १८ ऑगस्ट! त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य दिसावा म्हणून लोक कपडे वाळत घालायची वाट पाहत असतात. सातासमुद्रापलीकडून दुर्बिणी घेऊन येणारा माणूस भर पावसाळ्यात कोकण किनारा कशाला निवडेल?

निवडलाच नव्हता. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. युद्धखात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात आकाश पाहायचं, असा त्यांचा क्रम होता. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा विजापूर, जमखंडी करत पूर्वेला गुंटूर आणि मछलीपट्टणकडे गेला होता. विजापूर-जमखंडीच्या निरीक्षकांना ढगांनी छळलं. गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट होते, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. सूर्यबिंब झाकलं गेलं, कडेच्या ज्वाळा दिसल्या. त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला तेव्हा त्यात तेजस्वी रेषा होत्या, त्यांपैकी एक पिवळी. बहुतेकांना वाटलं, ही मिठातल्या सोडियमचीच रेषा. जान्सेन यांना मात्र निराळीच गोष्ट सुचली. रेषा इतक्या ठळक आहेत तर ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात! दुसऱ्या दिवशी त्यांनी उघड्या सूर्याकडे यंत्र लावलं आणि त्या दिसल्या.

तिकडे लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, हेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. भांडण मिटवण्याची ही रीत आम्हाला फार आवडली. ती पिवळी रेषा सोडियमची नाही, पृथ्वीवर न सापडलेल्या एखाद्या मूलद्रव्याची असावी, हे लॉकियर यांनी धरून ठेवलं आणि ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम म्हटलं. बरीच वर्षं लोक या कल्पनेला हसत होते. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना एका खनिजातून तोच वायू मिळाला, तेव्हा कुठे हसू थांबलं.

मग साहेबाचा कट्टा खोटा? तसंही नाही. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. रॉयल सोसायटीने आपले जुने अंक इंटरनेटवर सर्वांना मोफत उघडून दिले आहेत. त्यांत या मोहिमेचा अहवाल आहे, आणि शीर्षकातच विजयदुर्गचं नाव आहे (इंग्रजी स्पेलिंग ‘विझियाद्रुग’ असं काहीतरी विचित्र). ‘मेल्पोमेनी’ नावाची युद्धनौका मदतीला होती. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपासची, म्हणून तिच्यावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना आधीच कामं वाटून त्यांचा सराव करून घेतला होता. जानेवारीचं कोरडं आकाश होतं. आता सगळं जुळतं. कट्टे याच स्वारीचे, असा आमचा सरळ हिशेब. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपल्या दुर्बिणी लावल्या होत्या. वेधशाळा चालवणारा एक हिंदी माणूस साहेबांच्या बरोबरीने काम करतो, ही गोष्ट मात्र कुणी फिरवत नाही!

आणखी एक हिशेब आम्ही घरच्यासाठी केला. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, म्हणजे हिजरी महिना संपता संपता. २२ जानेवारी १८९८ म्हणजे हिजरी १३१५ च्या शाबानचे शेवटचे दिवस. भर दुपारी विजयदुर्गावर ज्या चांदने सूर्य झाकला, तोच चांद पुढच्या संध्याकाळी कोकणातल्या मशिदींच्या अंगणांतून लोकांनी रमजानसाठी शोधला असणार.

कुणी म्हणेल, गावाला थोडा मान मिळतोय तर मिळू द्या की, कशाला उकरून काढता? आपल्या घरांत याचं उत्तर जुनं आहे. हजरत मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले, सूर्यालाही शोक झाला. त्या दुःखातही पैगंबरांनी सांगितलं की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही. बुखारीत ही हदीस आहे. आपल्या घरच्या मानाचीही खोटी गोष्ट त्यांनी चालू दिली नाही, आणि ही तर एका किल्ल्याची गोष्ट.

दुसरा मजकूर आपल्याच गटांतून फिरतो. वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट दाखवणारा अरब नाविक अहमद इब्न माजिद, म्हणजे मुसलमानांशिवाय युरोपला समुद्र पार झाला नसता, असा त्याचा सूर. पाठवणाऱ्याला अभिमान वाटतो. पण नीट पाहिलं तर हे श्रेय नाही, आरोप आहे. वास्को १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. दहा वर्षांनी, डिसेंबर १५०८ च्या अखेरीस, पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा याने आपलं दाभोळ लुटून जाळलं. माणसं किती मारली याचा हिशेब नाही. असल्या लोकांना वाट दाखवली, असं आपण कौतुकाने सांगत फिरतो.

या गोष्टीचं मूळ मक्केत राहणाऱ्या कुतुबुद्दीन नहरवाली या इतिहासकाराच्या पुस्तकात आहे. ते वास्कोनंतर जवळजवळ पाऊण शतकाने लिहिलं गेलं. त्यात म्हटलंय की फिरंग्यांनी इब्न माजिदला दारू पाजली आणि नशेत त्याने मार्ग सांगितला. हा भाग फॉरवर्डमध्ये बरोबर गाळलेला असतो. वास्कोच्या जहाजावरच्या दैनंदिनीत इब्न माजिदचं नाव नाही. पोर्तुगीज इतिहासकार बारोश मलिंदीहून घेतलेल्या वाटाड्याला गुजराती मुसलमान म्हणतो. इब्न माजिद तर आजच्या रास अल खैमाकडचा, तेव्हाच्या जुल्फारचा. त्याचे ग्रंथ इंग्रजीत आणणारे अभ्यासक टिबेट्स यांनी १९७१ मध्येच ही कथा टिकत नाही असं दाखवलं. शारजाचे शासक सुलतान अल कासिमी यांनी तर इब्न माजिदला निर्दोष ठरवणारी पुस्तिकाच लिहिली आहे.

हे बालंट बाजूला केलं की खरा इब्न माजिद दिसतो, आणि तो वाटाड्यापेक्षा मोठा आहे. १४९० च्या सुमारास त्याने ‘किताब अल फवाइद’ लिहिलं. वारे, तारे, किनाऱ्यांच्या खुणा आणि हंगाम यांचं ते पुस्तक आहे. दर्यावर पाठ म्हणता यावं म्हणून पुष्कळसं ज्ञान त्याने पद्यात बांधलं. त्याच्या काळातल्या नाविकांचं एक साधन ‘कमाल’ म्हणून ओळखलं जातं. लाकडाची एक छोटी चौकोनी फळी, मधोमध भोक, त्यातून गाठी मारलेली दोरी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची आणि वरच्या कडेवर ध्रुवतारा येतो का पाहायचं. प्रत्येक गाठ म्हणजे ध्रुवाची एक उंची. ही उंची मोजायची ‘इस्बा’त. इस्बा म्हणजे अरबीत बोट. आपल्याकडच्या बायका भाताच्या आधणाचं पाणी बोटाच्या पेरांनी मोजतात, तसंच हे.

एक इस्बा साधारण १.६ अंशांचा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपण विषुववृत्तापासून उत्तरेला. रत्नागिरी १७ अंशांवर, एडन पावणेतेरावर, जेद्दा साडेएकवीसवर. म्हणजे आपल्या बंदरातून गलबत एडनकडे निघालं की ध्रुव अडीच बोटांहून थोडा जास्त खाली उतरणार आणि तांबड्या समुद्रात शिरलं की पुन्हा वर चढू लागणार. जेद्दाला पोहोचेपर्यंत तो रत्नागिरीच्या मानानेही जवळपास तीन बोटं वर. हजला जाणाऱ्या जुन्या गलबतांना नकाशा नसला तरी हा हिशेब होता. (इब्न माजिदच्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून आजच्यापेक्षा बराच लांब होता. म्हणून त्यांना जास्तीची बेरीज-वजाबाकी करावी लागे. आपलं काम सोपं आहे.)

मुलांना घेऊन हे करून पाहा. पावसाळा सरल्यावर, उत्तरेकडे झाडं-इमारती नसलेली गच्ची किंवा उघडा सडा गाठा. हात सरळ पुढे ताणा. आडवी मूठ साधारण दहा अंश भरते, तिच्यावर दुसऱ्या हाताची चार बोटं आडवी ठेवली की सहा-सात अंश. मूठ क्षितिजावर टेकवली तर चौथ्या बोटाच्या आसपास एक एकटा, फारसा न चमकणारा तारा दिसेल. तोच ध्रुव. कुणाचे अब्बा किंवा चाचा कुवेतला असतील तर त्यांनाही त्याच रात्री फोनवर मोजायला सांगा. त्यांच्याकडे तो २९ अंशांवर, जवळजवळ तीन मुठींवर असेल. दोन गावांमधलं अंतर मुलांना तेवढ्याने कळतं.

आता दाभोळ, जळण्यापूर्वीचं. १४७२ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी तिथून परत निघाला. तो चौलला उतरला होता, घोडा विकायचा म्हणून. जुन्नरच्या असद खानाने तो घोडा ठेवून घेतला आणि मुसलमान होशील तरच देईन म्हणाला. हे वाचून मान खाली जाते. पण पुढचं पानही वाचायला हवं. मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमान सज्जनानेच खानाकडे रदबदली करून त्याला घोडाही परत मिळवून दिला आणि त्याचा धर्मही राखला. निकितिन बिदरला राहिला. बहमनी वजीर महमूद गावान यांचा थाट त्याने पाहिला आणि लोकांत युसूफ खुरासानी या नावाने वावरला. त्याची धर्मपुस्तकं वाटेत लुटली गेली होती, सणांच्या तारखा कळेनात. तेव्हा आसपासच्या मुसलमानांबरोबर त्यानेही महिनाभर उपवास धरल्याचं तो लिहितो. घरी पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. त्याची वही उरली. तिच्या शेवटी रशियन लिपीत चक्क अरबी दुआ आहे, आणि तीत सूरह हश्रमधली अल्लाहची नावं ओळीने येतात. तो ख्रिस्तीच राहिला की मनातून बदलला, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. आम्हाला तो वाद फोल वाटतो. एकट्या माणसाने वर्षानुवर्षं जे ऐकलं तेच त्याच्या तोंडी बसलं.

त्याचं इंग्रजी भाषांतर १८५७ साली लंडनच्या हॅकलूट सोसायटीने छापलं. ‘इंडिया इन द फिफ्टीन्थ सेंच्युरी’ या नावाने ते आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मोफत मिळतं. वाचायचा कंटाळा असेल त्यांनी ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘परदेसी’ हा १९५७ चा चित्रपट पाहावा. नर्गिस आहेत त्यात. चित्रपटात प्रेमकथा आहे, वहीत घोड्यांचे भाव आहेत. आम्हाला वही जास्त आवडली.

दाभोळविषयी तो थोडंच लिहितो. शहर फार मोठं, मिसर, अरबस्तान, खुरासान, तुर्कस्तानातून इथे घोडे येतात. मग जहाजाचं भाडं ठरवतो : होर्मुझपर्यंत एका माणसाचे दोन सोन्याचे. महिनाभर किनारा दिसला नाही. दिसला तो हबशांच्या देशाचा, कारण वाऱ्याने भलतीकडेच नेलं होतं. तिथे लुटालूट होऊ नये म्हणून तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून सुटका करून घ्यावी लागली. तिथून मस्कत, मग होर्मुझ.

कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या गलबताची कागदपत्रं, भाड्याच्या पावत्या किंवा खलाशाची नळी असेल, तर मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ‘संपादक’ या नावाने पाठवा. मूळ कागद मात्र घरीच ठेवा. पुढच्या महिन्यात कशेळीच्या सड्यावर कोरलेल्या दगडी हत्तीकडे जायचं आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून त्यांच्याविषयीही बरंच काही जाळ्यात येऊ लागलंय, आणि त्यातलं निवडायला वेळ लागणार आहे.