तिच्या स्पीडने कळसूबाई

लग्नाआधी दोघंही गड चढायचे. मग मुलं झाली. त्याचा रविवारचा ग्रुप चालू राहिला, तिचे ट्रेक मात्र शाळेचे डबे भरण्यात संपले. ओळखीची स्टोरी वाटतेय ना? आता मुलं कॉलेजात गेलीत, ती पंचेचाळिशीची झालीय आणि तिला त्याच्यासोबत कळसूबाईला जायचंय. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर!

नुसत्या उत्साहावर भागत नाही, बॉस. आधी डॉक्टरांकडून तपासणी. मग आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्क्वॉट्ससारखे ताकदीचे व्यायाम. पुणेकरांना पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेतच. दम लागावा, पण बोलता आलं पाहिजे. उतरायची प्रॅक्टिसही मस्ट! मांड्या आणि गुडघे खरी कुरकुर करतात ती उतरतानाच.

पण या सगळ्याला रोज तासभर लागतो. तो कुठून आणायचा? त्याचं ट्रेनिंग इथूनच सुरू होतं. सकाळचा स्वयंपाक त्याने करायचा आणि डोंगरावर तिच्या स्पीडने चालायचं. शिखरावर आधी पोचून तिची वाट बघत बसणं, याला सोबत नाही म्हणत!