थेम्सकाठी दोन दिवस

गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे लेस्टरला गेलो होतो, तेव्हा एक शनिवार-रविवार धरून लंडनला जाऊन आलो. धारवाडला एम.ए. करताना माझ्या खोलीत राहिलेला गोकाकचा कन्नड मित्र तिथे असतो. बारा वर्षांपूर्वी सीमाप्रश्नावरून बोलाचाली झाली, तेव्हापासून फोनसुद्धा नव्हता. बसस्थानकावर मला न्यायला आला आणि म्हणाला, "याकलेऽ, इष्ट तडा?" मी मराठीतच म्हटले, "बस उशिरा आली रे."

आधी त्याने थेम्सकाठचा बसवेश्वरांचा पुतळा दाखवला. पलीकडे पार्लमेंट. दुसऱ्या दिवशी १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर १९२१-२२ साली शिकत असताना इथे राहत. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. पुतळ्याचे अनावरण आणि या घराचे उद्घाटन, दोन्ही १४ नोव्हेंबर २०१५ रोजी, पंतप्रधान मोदींच्याच हस्ते! "एक तुमचे, एक आमचे," मी म्हणालो. तो हसला. "बसवण्णा मंगळवेढ्याला होते की!" मग मलाही आठवले, १९२५ साली बाबासाहेबांनी परिषद घेतली ती आमच्या निपाणीत. वाटणी काही जमेना.

रात्री वहिनींनी जोंधळ्याच्या भाकरी केल्या. मुले इंग्रजीत बोलत होती. आम्ही ज्यांवरून भांडलो त्या दोन्ही भाषा त्यांना सारख्याच परक्या.

निघताना तो म्हणाला, "अव्वा गोकाकला एकटीच असते. कधी डोकावत जा." निपाणीहून दोन तासांचा रस्ता, पण बारा वर्षांत त्या घरी गेलो नव्हतो. परतल्यावर पहिल्याच रविवारी गेलो. अव्वांनी काही विचारले नाही, ताट वाढले.