घरातील बालमंदिर : झडीच्या दिवसांतील खेळ

आषाढ-श्रावणात पावसाची झड लागली म्हणजे अंगण दुरावते, ओले कपडे घरभर लोंबू लागतात आणि चार-सहा वर्षांची मुले आईच्या पायांत घोटाळू लागतात. चेन्नईकडील कुटुंबांना हाच अनुभव आश्विन-कार्तिकात येतो. मूल त्रास देते, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याच्या हातांना काम हवे असते. त्यासाठी महागडी खेळणीच हवीत असे नाही. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा बिया, पाने, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणसाधनांचे स्थान दिले. आपल्या घरीही हे सहज साधेल.

चिंचोक्यांचा खेळ : चार चिंचोके खरबरीत फरशीवर एका बाजूने घासावेत, तपकिरी साल जाऊन आतील पांढरा भाग दिसू लागतो. जमिनीवर खडूने वीस घरांची वाट आखावी. चिंचोके टाकल्यावर जितके पांढरे वर येतील तितकी घरे पुढे जावे; चारही तपकिरी पडल्यास आठ. अष्टाचंपातील कवड्यांचीच ही रीत. घरे मोजता मोजता मूल अंक शिकते. त्याची मोजणी चुकली तरी लगेच टोकू नये. सोंगटीसह पुन्हा मोजू द्यावे.

कागदाची वाटी : दोन मोठे चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात कालवून, ढवळत शिजवून खळ करावी. तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी चाल आहे. पण ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत मुळीच घालू नये. पालथ्या वाटीला तेलाचा हात लावून तिच्यावर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर मुलांकडून चिकटवून घ्यावेत. दमट हवेत त्या सुकण्यास दोन-तीन दिवस लागतात. मग कागदी वाटी अलगद सुटते. तीत चिंचोके ठेवता येतील.

सावल्यांचे नाटक : वीज गेली की भिंतीसमोर विजेरी ठेवून हातांचे हरिण, पक्षी करावेत. हात दिव्याजवळ नेला की सावली मोठी होते, भिंतीजवळ नेला की लहान. याचे कारण आपण सांगू नये. मुलास शोधू द्यावे.

एक सूचना मात्र विसरू नये. घरात तीन वर्षांखालील मूल असल्यास चिंचोके मोजून द्यावेत आणि मोजूनच परत घ्यावेत. अशी वस्तू तोंडात जाऊन श्वास कोंडण्यास क्षणही पुरतो.

वाटी वाकडी झाली, तरी ती आपण नीट करून देऊ नये. आपल्या हातची सुबक वाटी मुलाला सांगते, ‘तुला येत नाही.’ त्याने स्वतः केलेली वाकडी वाटी सांगते, ‘मला येते.’ ती दिवाणखान्यात सर्वांना दिसेल अशी ठेवावी.