घरगुती पाळणाघरें कां बंद पडतात?

आमच्या कोथरुडांत, माझ्या घरापासून दोन इमारती टाकून राहणाऱ्या एका काकूंनीं गेल्या महिन्यांत आपलें पाळणाघर बंद केलें. चोवीस वर्षें तें चाललें होतें. दारावर पाटी नव्हती, कीं कोठें जाहिरात नव्हती, "मूल कोठें ठेवतां?" असें विचारलें तर आजूबाजूच्या दहा घरांतून "काकूंकडे" एवढेंच उत्तर येत असे. माझीं दोन्ही मुलें तेथेंच रांगलीं, तेथेंच बोलावयास शिकलीं, आणि धाकटीनें तर "आई" ह्या शब्दाच्या आधीं "काकू" हा शब्द उच्चारला. त्याचें मला त्या वेळीं वाईट वाटलें होतें. आज वाटत नाहीं. पाळणाघर बंद होणार अशी वार्ता समजतांच आमच्या सोसायटींतील तीन तरुण माता घाबऱ्याघुबऱ्या होऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा त्यांचा इतका जुना परिचय. त्यांना समजावून सांगा ना!" मी समजावण्यास म्हणून गेलें, आणि त्यांचेंच सारें ऐकून परत आलें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आजी, आत्या, मोठ्या जाऊबाई अशीं माणसें नांदतीं आहेत, त्यांना हा प्रश्न परक्यांचा वाटण्याचा संभव आहे. मला मात्र तसें वाटत नाहीं. एकत्र कुटुंबांत तान्हें मूल कोणाच्या मांडीवर आहे, हें कोणी विचारीत नसे हें खरें. पण तें कोणाच्या तरी मांडीवर असेच, आणि ती मांडी बहुधा एखाद्या विधवा आत्याबाईंची किंवा मूलबाळ नसलेल्या काकूंची असे. त्यांच्या श्रमांचा हिशेब कोणीं कधीं मांडला नाहीं. दोन वेळचें जेवण आणि सणावारीं एक लुगडें, एवढ्यांत तो मिटे. पुढें बिऱ्हाडें वेगळीं झालीं, सुना नोकरीस निघाल्या, आणि तेंच काम घराबाहेरच्या एका अनोळखी बाईकडे गेलें. तेव्हां प्रथमच त्याला दर ठरला. पण त्या बाईलाहि आपण "काकू"च म्हणूं लागलों, आणि माझी शंका अशी आहे कीं, ह्या एका गोड संबोधनानें तिचा दर कायमचा पाडून ठेवला. वाण्याचें बिल देणें हें कर्तव्य असतें. काकूंना पैसे देतांना मात्र आपण कांहीं अधिक करीत आहों असें वाटूं लागतें. आणि मागतांना त्यांचीहि जीभ अडखळते.

थोडा हिशेब मांडून पाहूं. समजा, एका बाईकडे आठ मुलें आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला पांच हजार रुपये येतात. चाळीस हजार हा आंकडा ऐकून कोणीहि म्हणेल, "घरबसल्या इतकें मिळतें, आणखी काय हवें?" परंतु आठ मुलें एकटीनें सांभाळणें अशक्य. एक मदतनीस बाई हवी. तिचे बारा हजार धरूं. दूध, खिचडीचे तांदूळ, गॅस, वीज, साबण, फिनेल, मोडलेलीं खेळणीं, ह्यांचे सहा हजार. उरले बावीस हजार. सकाळीं आठपासून रात्रीं आठपर्यंत, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे तीनशें तास झाले. तासाला त्र्याहत्तर रुपये पडले. आतां मे महिना आला आणि तीन मुलें आजोळीं गेलीं, त्यांचे पैसे थांबले, तर पंधरा हजार गेले. मदतनीस बाईचा पगार थांबत नाहीं, कारण तिला सोडलें तर जूनमध्यें ती परत मिळावयाची नाहीं. काकूंपाशीं सात हजार राहतात आणि तासाचा दर तेवीस रुपयांवर येतो. आजारपणाची रजा नाहीं, भविष्यनिर्वाह निधि नाहीं, ग्रॅच्युइटी तर नाहींच नाहीं. सरकारहि ह्या बाबतींत फार उदार होतें असें नाहीं. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेंत सेविकेला महिना तीन हजार रुपये आणि मदतनिसाला दीड हजार मिळत, आणि त्याला वेतन न म्हणतां "मानधन" म्हणत. हा शब्दहि "काकू"च्याच कुळांतला.

परंतु केवळ पैशामुळें कोणी उठून जात नाहीं. काकूंनीं तर पैशाचें नांवहि काढलें नाहीं. त्या म्हणाल्या, "संध्याकाळचे सात वाजले कीं माझ्या छातींत धडधडायला लागतं हो." सात ही मुलें नेण्याची वेळ. सात वाजतां फोन येतो, "काकू, फक्त दहा मिनिटं!" हिंजवडीहून कोथरुडास येणाऱ्याचीं दहा मिनिटें म्हणजे काय, हें पुणेकरांस सांगावयास नको. पावणेआठ होतात. तोंपर्यंत शेवटचें मूल पायांत चप्पल घालून, पाठीला पिशवी लावून दाराशीं बसलेलें असतें, आणि लिफ्टचा आवाज झाला कीं प्रत्येक वेळीं उठून उभें राहतें. "त्या चेहऱ्याकडे पाहवत नाहीं," असें काकू म्हणाल्या. आईबाप येतात ते ओशाळलेले, दमलेले. त्यांना बोलावें तरी कसें? इकडे काकांच्या गोळ्यांची वेळ टळून गेलेली असते. ह्या जादा पाऊण तासाचे पैसे चोवीस वर्षांत किती जणांनीं दिले, असें मीं विचारलें. काकूंनीं नुसती मान हलविली. आम्हीहि दिले नव्हते.

मुलांच्या येण्याजाण्याची तऱ्हाहि बदलली. २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कचेऱ्यांवर पाळणाघराची सोय करण्याचें बंधन आलें. ह्या दोन्ही गोष्टी अत्यंत इष्ट होत्या, ह्याविषयीं दुमत नाहीं. पण मोठ्या कंपन्या ही सोय करावयाची झाली कीं शाखा-शाखांनीं पसरलेल्या, चकचकीत भिंतींच्या संस्थांशीं करार करतात. कोथरुडच्या काकूंशीं कोण करार करणार? मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदींत पाळणाघर पुरतें बंद राहिलें, आणि तें उघडलें तेव्हां आईबापांच्या नोकऱ्या घरांत येऊन बसल्या होत्या. पुढें कचेऱ्या सुरू झाल्या त्याहि अर्ध्यामुर्ध्या. "आम्हांला मंगळवार आणि गुरुवार एवढेच दोन दिवस जावं लागतं, तर दोन दिवसांचेच घ्या," अशी मागणी येऊं लागली. मागणी अवास्तव म्हणतां येत नाहीं. पण दोन दिवसांच्या मुलाची जागा उरलेले तीन दिवस दुसऱ्याला देतां येत नाहीं, आणि मंगळवारीं बारा मुलें व शुक्रवारीं दोन, अशा घरांत मदतनीस तरी किती ठेवावी?

कॅमेऱ्याची गोष्ट सांगतांना मात्र काकूंचा आवाज चढला. २०१६ च्या नोव्हेंबरांत नवी मुंबईंतील खारघर येथें एका पाळणाघरांत दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली आणि तें चित्रण घरोघरीं पाहिलें गेलें. त्यानंतर आईबापांच्या मनाचा थरकाप उडाला ह्यांत नवल नाहीं. मीहि त्या रात्रीं झोपूं शकलें नाहीं. थोड्याच दिवसांत काकूंच्या दिवाणखान्यांत कॅमेरा बसला. त्या राजी झाल्या. पण दिवाणखाना हा केवळ पाळणाघर नव्हता, तें त्यांचें राहतें घर होतें. त्यांचे वृद्ध सासरे दुपारीं बंडी घालून आरामखुर्चींत डुलक्या घेत, तेंहि आतां बारा कचेऱ्यांतून दिसूं लागलें. एकदां एका मातेचा फोन आला, "बाळ चार मिनिटं रडतंय, कोणी उचललं कसं नाहीं?" त्या वेळीं काकू दुसऱ्या बाळाची शी धूत होत्या. "पंधरा वर्षं कोणीं विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मला दोन्ही बाजू कळतात, आणि ह्यावर उपाय काय तें मात्र सुचत नाहीं. कॅमेरा नको असें मी कोणत्याहि आईला सांगूं शकणार नाहीं.

ही गळती आपल्याच गांवची आहे असें नाहीं. इंग्लंडमध्यें घरीं मुलें सांभाळणाऱ्या स्त्रीस "चाइल्डमाइंडर" म्हणतात. १९४८ च्या कायद्यानें तेथें त्यांची नोंदणी सुरू झाली, आणि २००१ पासून तपासणी "ऑफस्टेड" ह्या खात्याकडे आली. त्यामुळें तिकडची घट आंकड्यांनीं मोजतां येते. २०१२ च्या सुमारास त्यांची संख्या पन्नास हजारांहून अधिक होती. २०२४ मध्यें ती तीस हजारांच्याहि खालीं आली. अमेरिकेंतहि २००५ ते २०१७ ह्या काळांत परवाना घेतलेलीं लहान घरगुती पाळणाघरें जवळजवळ निम्म्यानें कमी झालीं. इंग्लंडांत सरकार मुलांना आठवड्याचे कांहीं तास मोफत देतें. नोकरदार आईबापांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीं २०१७ च्या सप्टेंबरपासून ते तीस झाले. हे तास मोफत असतात ते आईबापांना. बाईला त्यांचे पैसे स्थानिक मंडळाकडून मिळतात, ते पुरत नाहींत, वर कागदपत्रें व तपासण्या, अशी तिकडची तक्रार आहे. बायका टिकेनात तेव्हां २०२३ च्या मार्चमधील अंदाजपत्रकांत नव्यानें येणारीस सहाशें पौंड देण्याचें जाहीर झालें. वर्षानुवर्षें हें काम करीत आलेल्या बाईच्या हातांत त्यांतून काय पडलें, तें मला दिसत नाहीं.

तिकडच्या नियमांतील एक कलम मीं काकूंना मुद्दाम सांगितलें. नोंदणी झालेली बाई शेजाऱ्याचें मूल सांभाळील तर त्या मोफत तासांचे पैसे तिला मिळतात; पण स्वतःचें नातवंड किंवा भाचरूं सांभाळील तर मिळत नाहींत, कारण २००६ च्या कायद्याप्रमाणें नातेवाइकांनीं केलेलें संगोपन हें मुळीं त्या व्याख्येंतच बसत नाहीं. काकू खो-खो हंसल्या. "म्हणजे तिकडेहि आजी फुकटच!" हंसण्याला कारण होतें. त्यांची लेक बंगळुरास नोकरी करते, तिला चार महिन्यांचें मूल आहे, आणि तिला मनासारखें पाळणाघर मिळत नाहीं. काकू आतां तिकडे चालल्या आहेत. सून पाळणाघर पुढें चालवील का, हा माझा प्रश्न ऐकून त्यांनीं माझ्याकडे असें पाहिलें कीं मीच वरमलें. सून हिशेबनीस आहे. सकाळीं साडेआठला बाहेर पडते. त्यांतच इमारत पुनर्बांधणीस गेली आहे, आणि नव्या इमारतींत तळमजल्यावर गाड्याच उभ्या राहणार आहेत.

निघतांना त्यांनीं मला एक जुनी वही दाखविली. मुलांचीं नांवें, कोणाला काय खाऊं घालावयाचें, कोणाला कशाची ॲलर्जी, औषधांच्या वेळा, आणि शेवटच्या पानांवर पैशांचा हिशेब. माझ्या थोरल्याचें नांव शोधीत मीं पानें उलटलीं. त्याच्या नांवापुढें लागोपाठ तीन मे महिन्यांत एकच शब्द होता: "अर्धे." त्या वर्षीं आमच्याकडे दोन्ही पगार वेळच्या वेळीं येत होते, मे महिन्यांत मूल आजोळीं जातें, मग पूर्ण पैसे कशाला, असा आम्ही दोघांनीं विचार केला होता, आणि तो आम्हांला अगदीं रास्त वाटला होता. बँकेनें मे महिन्याच्या माझ्या रजेचा पगार मात्र कधीं अर्धा केला नव्हता.

मला काय बोलावें तें सुचेना. काकूंनीं वही माझ्या हातांतून घेतली, मिटली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हीं निदान अर्धे तरी दिलेत."

त्याच पानावर खालीं आणखी नऊ नांवें होतीं. त्यांपैकीं सहांपुढें नुसती रेघ ओढलेली होती.